दहाव्या पिशवीला वेलांटी गायब: उन्हाळ्यात स्क्रीन चोक होते तेव्हा

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, शाई कापडावर उतरवणं. जाळीची भोकं बुजली की स्क्रीन चोक झाली म्हणतात. तक्रार अशी. पहिल्या पाच-सात पिशव्या झकास छापल्या जातात. आठवीला अक्षराची एखादी कड फिकट दिसते. आपण म्हणतो, हात हलका पडला असेल, आणि पुढच्या वेळी स्क्वीजी जोरात दाबतो. दहावीला मात्रा जाते, बारावीला वेलांटी. मग पाणी मारा, शाई ढवळा, पुन्हा दाबा, आणि शेवटी फ्रेम नळाखाली धरा. धुऊन आणलेल्या फ्रेमवर पुन्हा पाच-सात चांगल्या, पुन्हा तेच.

दोन उन्हाळे मी हे केलं. आम्ही अमळनेरच्या चौघी जणी मांजरपाटाच्या पिशव्यांवर नदीविषयीची चित्रं छापतो. सुरुवात झाली ती वैशाखातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी. यात्रा बोरी नदीच्या कोरड्या पात्रातच भरते. शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. राज्यात कॅरिबॅगवर मार्च २०१८ पासून बंदी आहे, पण पात्रातल्या बाभळींना ती अजून कळलेली नाही. म्हणून यात्रेला येणाऱ्यांच्या हातात कापडी पिशवी द्यायची, तीवर वाळूत उभा असलेला एक बगळा, आणि खाली अहिराणीत एक ओळ: ‘बोरी नदी शे, उकिरडा नही.’

आता ही ओळ बारीक शेपटांच्या सुलेखनी अक्षरात काढली होती, आणि वरची शेपटं गळाली की काय उरतं ते वाचा: ‘बारा नदा श, उकिरडा नहा.’ पहिल्या वर्षी अशा अकरा पिशव्या निघाल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, बारा नद्या कुठल्या गं?

वैशाख म्हणजे आपल्याकडे ४४-४५ अंश आणि हवा पापडासारखी कोरडी. त्यामुळे ज्याला त्याला एकच उत्तर सुचतं: शाई सुकली. मलाही तेच वाटायचं. ते अर्धंच खरं होतं. जाळी बंद पडण्याची कारणं निदान चार निघाली. छापलेल्या पिशवीवर ती सगळी सारखीच दिसतात, पण एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की त्रास वाढतो. माझा पहिला उन्हाळा असाच गेला.

आधी फ्रेम उजेडाला धरा

हे मला शिकवलं आबांनी. आबांचं आयुष्य लग्नपत्रिका छापण्यात गेलं, आणि लग्नसराई म्हणजे भर उन्हाळाच, त्यामुळे सुकणाऱ्या शाईशी त्यांची जुनी ओळख. मी रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे फ्रेम नेली तेव्हा त्यांनी शाईचा डबा उघडूनही पाहिला नाही. म्हणाले, “शाईले कसाले दोष देस, माय? पहिले जाळी उजेडले धर.”

फ्रेम ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसायची आणि दारात उजेडाकडे तोंड करून धरायची. डोळा जाळीच्या अगदी जवळ न्यायचा. उघडं भोक स्वच्छ चमकतं. बंद भोक तीन प्रकारचं दिसतं.

शाईच्याच रंगाचे ठिपके भोकाभोकांत बसलेत आणि ओल्या फडक्याने चोळल्यावर फडक्याला रंग लागतो: शाई सुकते आहे.

रंग काहीच नाही, पण भोकावर फिकट, चकचकीत पडदा आहे, दुधावरच्या पातळ सायीसारखा, आणि चोळूनही जात नाही: हे इमल्शन आहे, म्हणजे चित्र सोडून बाकीची भोकं बुजवायला जाळीवर लावतात तो लेप. शाईचा यात काही गुन्हा नाही.

जाळीच्या खालच्या अंगाला केसाळ लव चिकटलीय किंवा मधेच एखादा दाणा अडकलाय: कापडाची रुई, धूळ किंवा शाईतली गुठळी.

उजेड नसेल तर पिशव्या ओळीने मांडून पाहा. एकच जागा पहिल्या पिशवीपासून कोरी किंवा फिकट असेल तर इमल्शन. बारीक रेषा आधी आणि हळूहळू जात असतील तर सुकणं. कोरा ठिपका आज इथे, उद्या तिथे असा फिरत असेल तर कचरा. चौथं कारण मात्र असं डोळ्यांना दिसत नाही. ते दुकानाच्या बिलात असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘१२०’ मागितली की कोणती मिळते

जाळीचा नंबर दोन पद्धतींनी सांगतात. एक इंचात किती धागे, आणि एक सेंटिमीटरमध्ये किती धागे. दुसऱ्या पद्धतीत आकड्याला ‘टी’ जोडतात. इंचाला १२० धाग्यांची जाळी कापडाच्या कामाची. १२० टी म्हणजे सेंटिमीटरला १२०, अर्थात इंचाला ३०५ च्या आसपास. ती बारीक जाळी कागदी छपाईची, पत्रिकेवरच्या केसाएवढ्या नक्षीसाठी. दुकानात नुसतं “एकशेवीस द्या” म्हटलं तर समोरचा त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकाला लागते ती देतो, आणि आपल्याकडे रोजचं गिऱ्हाईक पत्रिकावालं.

माझी पहिली फ्रेम अशीच होती. त्या जाळीतून पाण्यावरची कापडाची शाई म्हणजे चहाच्या गाळणीतून पिठलं. तिसऱ्या पिशवीला बंद. हा अनुभव येत असेल, म्हणजे दहाव्या नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्याच छापाला, तर पुढचं काही वाचू नका, आधी जाळी बदला. मांजरपाटावर ठळक अक्षरांसाठी इंचाला ८० ते १००, थोडं बारीक चित्र असेल तर १२०.

याच हिशेबाने रेषांची जाडीही ठरवा. इंचाला १२० धागे म्हणजे एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंत साधारण ०.२१ मिलिमीटर. माझ्या वेलांटीचं शेपूट अर्धा मिलिमीटर होतं. म्हणजे त्याच्या रुंदीत जेमतेम दोन भोकं. त्यातलं एक बुजलं की शेपूट निम्मं, दुसरं बुजलं की ‘बोरी’ची ‘बारा’. आता मी सारख्या जाडीचं अक्षर घेते आणि सर्वांत बारीक जागी एक मिलिमीटरच्या खाली जात नाही. अनुस्वार तर मुद्दाम मोठा काढते. लांबून जरा बटबटीत दिसतो, पण पन्नासाव्या पिशवीलाही जागेवर असतो.

शाई खरंच सुकत असेल तर

पाण्यावरच्या शाईतलं पाणी उडतं आणि बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, भोकात घट्ट बसतो. छाप मारल्यावर भोकात शाईचा अगदी पातळ थर उरतो, आणि उन्हाळ्यात तो पुढची पिशवी पसरेपर्यंतच आवळून जातो. म्हणजे नुकसान छापताना होत नाही, दोन छापांच्या मधल्या वेळात होतं. हे कळल्यावर निम्मा प्रश्न सुटला.

उपाय असा: छाप मारला, फ्रेम उचलली की लगेच, पिशवी काढायच्याही आधी, स्क्वीजीने न दाबता शाई उलट दिशेने चित्रावरून ओढून घ्यायची. शाई खाली उतरायला नको, नुसती जाळीवर पसरायला हवी. भोकांवर शाईची गोधडी पांघरून ठेवायची म्हणा ना. जाड थरातलं पाणी पटकन उडत नाही आणि खालची भोकं ओली राहतात. पुढच्या पिशवीला एकदाच दाबून ओढायचं. आबा ही गोष्ट इतक्या सवयीने करायचे की ती वेगळी सांगावी असं त्यांच्या मनातच आलं नाही. मी त्यांचा हात तीन दिवस पाहिला तेव्हा कुठे लक्षात आलं, की हा माणूस एका छापाला दोनदा ओढतो.

एकटीने हे जमवणं अवघड आहे. एकीने छापायचं, दुसरीने पिशवी पसरायची आणि उचलायची. छापणारीचे हात शाईशिवाय कशाला लागायला नकोत. चहा आला की काम थांबतं, आणि थांबलेली फ्रेम उन्हाळ्यात दोन मिनिटांत बंद पडते. थांबायचंच असेल तर जाड थर ओढून वर ओलं फडकं टाकून ठेवा, आणि पुन्हा सुरू करताना पहिले दोन-तीन छाप वर्तमानपत्रावर मारा.

फ्रेमवर शाई भरपूर असू द्या. काटकसर म्हणून चमचा-चमचा टाकली तर ती चटकन आटते. डब्याचं तोंड ओल्या फडक्याने झाका.

ग्लिसरीनचाही उपयोग होतो, ते पाणी धरून ठेवतं. मेडिकलमध्ये मिळतं. मी एक किलो शाईला २० ते ३० ग्रॅम घालते, ५० च्या वर कधी नाही. “थोडं आणखी घातलं तर आणखी बरं” हा मोह टाळा. जास्त ग्लिसरीनची शाई कापडावरही सुकत नाही, बोटाला चिकट लागते आणि पहिल्याच धुण्यात उतरते. आमच्या बगळ्याची एक चोच अशी वाहून गेली आहे.

कूलरबद्दल आमच्यात बरेच वाद झाले. कूलर खोलीत हवाच, कारण त्याची हवा दमट असते आणि शाईला तेच पाहिजे. पण झोत सरळ फ्रेमवर आला तर वाराच शाई सुकवतो. कूलरचं तोंड भिंतीकडे करा, किंवा खिडकीला ओलं गोणपाट बांधा. डोक्यावरचा पंखा छापताना बंद. हो, घामाच्या धारा लागतात. म्हणून वैशाखात आम्ही सकाळी सहाला सुरू करतो आणि साडेनऊला फ्रेम धुऊन मोकळ्या होतो. दुपारी बाराला पत्र्याखाली छापण्याची जिद्द मी दोनदा केली. दोन्ही वेळा जाळी फुकट गेली.

फ्रेम धुवायला उशीर नको. ओली शाई साध्या पाण्याने जाते. सुकून बसलेला बाइंडर पाण्याला जुमानत नाही. मग साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ स्पंजने दोन्ही अंगांनी चोळा, आणि तरी नाही निघाला तर थिनर. तोही जमेल तितका टाळा, घरात त्या वासाने डोकं उठतं.

शाईत पाणी घातलं आणि ताक झालं

सुकणाऱ्या शाईवर सगळ्यांना सुचणारा पहिला इलाज म्हणजे पाणी. मीही चमचाभर घातलं, अंगणातल्या बोअरचं. शाई होती श्रीखंडासारखी. ढवळता ढवळता ती मठ्ठ्यासारखी झाली, आणि पुढच्या पिशवीवर बगळ्याचे पाय एकमेकांत वाहून गेले. चमचाभर पाण्याने अर्धा डबा शाई इतकी पातळ होणं मला पटेना.

म्हणून दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत सारखी शाई. एकीत बोअरचं पाणी एक चमचा, दुसरीत पिण्याच्या जारचं एक चमचा. ढवळून चमचा उभा केला. जारच्या पाण्याच्या वाटीत तो क्षणभर टिकला, मग सावकाश कलला. बोअरच्या वाटीत लगेच आडवा.

कारण शाईच्या घट्टपणात आहे. आजच्या तयार शाया बहुतेक कृत्रिम थिकनरने घट्ट केलेल्या असतात, आणि या थिकनरला क्षार चालत नाहीत. जड पाण्यातले क्षार मिसळले की त्याची पकड सुटते आणि शाई ढेपाळते. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते पाणी शाईत गेल्यावर दुसरं काय होणार? शाईत घालायचं पाणी जारचं किंवा साठवलेलं पावसाचं. धुवायला बोअरचं चालतं. बिघडलेल्या शाईत नवी घट्ट शाई मिसळून ती मोठ्या, ठळक चित्राला वापरता येते, फेकू नका.

इमल्शनची साय: सगळ्यात फसवं कारण

माझ्या अकरा पिशव्यांपैकी निदान सहांचा दोष इथला होता, आणि मी मात्र शाईत ग्लिसरीन ओतत बसले होते.

इमल्शन जाळीवर लावून अंधारात सुकवतात, वर काळं चित्र ठेवून उजेड देतात. जिथे उजेड लागतो तिथे ते पक्कं होतं, जिथे काळ्या रंगाने उजेड अडवला तिथे कच्चं राहून पाण्याने निघून जातं. तत्त्व सोपं आहे. पण इमल्शनला पक्कं करायला फक्त उजेडच लागतो असं नाही, उष्णताही पुरते. मी लेप लावलेल्या फ्रेम माळ्यावर पत्र्याखाली सुकवत होते, कारण घरात तेवढाच अंधार होता. तिथे दुपारी हात ठेववत नाही इतकं तापतं. इमल्शन चित्राच्या जागीही थोडं पक्कं व्हायचं, धुताना बहुतेक निघायचं, आणि भोकांवर एक पातळ साय उरायची. त्यातून शाई पहिल्या काही छापांना कशीबशी पाझरायची, मग अडायची. म्हणून ते अगदी शाई सुकल्यासारखंच दिसायचं.

त्यातून बायक्रोमेटचं, म्हणजे क्रोमियमची केशरी पूड मिसळलेलं इमल्शन असेल तर ते अंधारात नुसतं ठेवलं तरी हळूहळू पक्कं होत जातं, आणि उकाड्यात ते आणखी लवकर. रात्री लेप लावून दोन दिवसांनी वापरलेली फ्रेम उन्हाळ्यात दगाच देणार.

आता आमची पद्धत अशी. लेप रात्री जेवणं उरकल्यावर, खालच्या खोलीत, पिवळ्या बल्बच्या उजेडात. फ्रेम आडवी, छापायची बाजू खाली, खाली चार विटांचा आधार आणि जमिनीलगत टेबलफॅन. पहाटेपर्यंत सुकते. सकाळी ऊन कोवळं असतानाच एक्स्पोज करून, म्हणजे उजेड देऊन, लगेच धुवायची.

उन्हात एक्स्पोज करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, चित्राचा काळा रंग खरंच काळा हवा. गावातल्या झेरॉक्सवर साध्या कागदावर प्रिंट काढून त्याला खोबरेल लावून पारदर्शक करतात, ते चालतं, पण टोनर फिकट असेल तर आपलं ऊन त्यातूनही आरपार जातं आणि पुन्हा तीच साय. सारख्या दोन प्रिंट नीट जुळवून एकावर एक ठेवा. दुसरी, फ्रेम सूर्याकडे सरळ तोंड करून धरा. तिरप्या उन्हात उजेड काळ्या रेषेच्या कडेखाली शिरतो आणि बारीक रेषा आणखी बारीक होतात. वर काच, आत जाळीच्या मागे काळं कापड आणि स्पंज, दाबून बसलेलं. तिसरी, वेळ कुणाला विचारू नका. एक वाया जाणारी फ्रेम घ्या, पुठ्ठ्याने झाकून दर २० सेकंदांनी एक-एक पट्टी उघडी करत जा, आणि धुऊन पाहा कोणत्या पट्टीत बारीक रेषा उघडी राहिली आणि कडाही टिकल्या. तुमचं इमल्शन, तुमचा लेप, तुमच्या गच्चीवरचं ऊन, याचा आकडा फक्त तुमच्याकडेच निघतो. आणि चैत्रातला आकडा श्रावणात चालत नाही.

धुण्याच्या पाण्याकडेही लक्ष द्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चहा करण्याइतकं गरम असतं. त्याने पक्कं झालेलं इमल्शनही मऊ पडतं आणि अक्षरांच्या कडा पोपडे धरून निघतात. जमिनीतल्या टाकीचं गार पाणी घ्या. आधी दोन्ही बाजू ओल्या करून मिनिटभर थांबा, मग हलका फवारा, मग उजेडाला धरून साय शोधा. साय दिसली तर तेव्हाच फवारून काढा. एकदा उन्हात वाळली की ती फ्रेम ब्लीचिंगच्या पाण्याने पूर्ण साफ करून पहिल्यापासून करावी लागते.

इथे एक कबुलीही देते. आबांकडून शिकले म्हणून मीही पहिलं वर्ष बायक्रोमेटचंच वापरलं. ती केशरी पूड, तिचं पिवळं पाणी. धुतलेलं सगळं गटारीत, गटार नाल्यात, नाला बोरीत, आणि बोरी पुढे तापीला. त्या पुडीतलं क्रोमियम विषारी जातीचं आहे, कातडीवर व्रण उठवतं, कर्करोगालाही कारण ठरतं. नदी वाचवा म्हणून छापायचं आणि तेच पाणी नदीत सोडायचं! कळलं त्या दिवशी मला पिशव्यांकडे बघवेना. आता आम्ही डायझोचं इमल्शन घेतो, त्यात बायक्रोमेटऐवजी डायझो नावाचं रसायन असतं. महाग पडतं, एक्स्पोजला वेळही जास्त लागतो, पण लेप लावलेली फ्रेम थंड, अंधाऱ्या जागी जास्त दिवस राहते, त्यामुळे सायीचा त्रासही कमी झाला. मिसळलेलं इमल्शन खाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, आईने एकदा डबा उघडून विचारलं होतं ही कसली चटणी. आम्ही लागेल तेवढंच मिसळतो आणि डबा माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवतो. बायक्रोमेट वापरतच असाल तर निदान हातमोजे घाला आणि ते पाणी गटारीत सोडू नका. शाईही धुण्याआधी पट्टीने खरवडून डब्यात परत घ्या, फ्रेम चिंधीने पुसा, मग पाणी.

मांजरपाटाची रुई

हे लवकर आटोपते. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि वर लव. प्रत्येक छापाला थोडी लव ओल्या जाळीला चिकटते आणि वीस-पंचवीस पिशव्यांत खालून नमद्यासारखा थर होतो. खळीमुळे शाईही कापडात मुरत नाही. शिवायच्या आधी कापड एकदा गरम पाण्यात धुऊन इस्त्री करा. नाही जमलं तर निदान छापण्यापूर्वी प्रत्येक पिशवीवरून ओलसर हात फिरवा. दर पंधरा छापांनी फ्रेम उलटी करून खालून ओल्या स्पंजने टिपा. पुसायचं नाही, टिपायचं.

गुठळ्यांसाठी शाई जुन्या नायलॉन साडीच्या तुकड्यातून गाळा. डब्याच्या कडेला सुकलेली पापडी आत ढकलू नका. आमच्यातली एक जण काटकसरी आहे, ती ढकलायची, आणि कोरे ठिपके फिरायचे. आणि फ्रेम कापडाला पूर्ण टेकवू नका. चारी कोपऱ्यांखाली दोन-दोन नाणी चिकटवली की छाप मारताना फक्त स्क्वीजीखालची जाळी टेकते आणि लगेच सुटते. लवही कमी चिकटते, कडाही स्वच्छ येतात.

जोरात दाबण्याबद्दल: चोक झालेली जाळी जोराने उघडत नाही. स्क्वीजीचं रबर झिजून गोल झालं असेल तर मात्र छाप फिकट येतो. लाकडी पट्टीवर बारीक पॉलिशपेपर चिकटवून रबराची धार सरळ करून घ्या.

छापून झाल्यावर

आपल्या उन्हात शाई दहा मिनिटांत वाळते म्हणून ती पक्की झाली असं समजू नका. वाळणं वेगळं, पक्कं होणं वेगळं. बाइंडर धरायला साधारण १५० अंशांची उष्णता लागते, ती वैशाखातही पत्र्यावर मिळत नाही. पूर्ण वाळल्यावर वर कागद ठेवून, सुती कापडाच्या आकड्यावर कोरडी इस्त्री, प्रत्येक भागावर तीन ते पाच मिनिटं, इस्त्री हलवत. ग्लिसरीन घातलं असेल तर जरा जास्तच. मग एक पिशवी दोन दिवसांनी साबणाने धुऊन बघा, बाकीच्या त्यानंतर वाटा.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. शाई सुकत नाही, इमल्शनही सुकत नाही, आणि अर्धवट ओल्या इमल्शनच्या कडा छापतानाच सुटतात. त्या दिवसांत लेप लावलेली फ्रेम बंद खोलीत पंख्याखाली पूर्ण रात्र ठेवा, बोटाला ओल लागली तर एक्स्पोज करू नका.

गेल्या वैशाखात एका सकाळी चौसष्ट पिशव्या सलग निघाल्या, मधे एकदाच फ्रेम खालून टिपली. आबांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली, मग पिशवी उलटी करून शिवण ओढून पाहिली आणि म्हणाले, “छपाई बरी शे. शिलाई कच्ची शे.”

पहिल्या वर्षीच्या त्या अकरा पिशव्या फेकल्या नाहीत. एक आमच्याकडे दळणाला जाते. गिरणीवाला डबे-पिशव्यांवर खडूने नावं लिहितो, आमच्यावर लिहीत नाही. “ती बारा नद्यावाली आना रे,” म्हणून हाक मारतो.